पासष्टी, मेडिकेअर आणि ‘थांबू का?’

एडिसन, न्यू जर्सी
१० जानेवारी २०२६

चि. भाऊ,

सदुसष्टीपर्यंत नोकरी करायची आहे, तर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, यंदा घ्यावं की थांबावं, असं तू विचारलंस. थांबता येतं. पण कशाच्या जोरावर थांबायचं, ते आधी पक्कं करावं लागतं.

गोंधळ दोन आकड्यांचा आहे. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटीची पूर्ण पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी मिळते. मेडिकेअरचं वय मात्र पासष्टच राहिलं. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सननी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना दिलं, तेव्हापासूनचं हे वय. ज्यांची पेन्शन आधीच सुरू असते, त्यांना कार्ड आपोआप येतं. ज्यांनी ती लांबवली, त्यांनी स्वतः अर्ज करायचा असतो. त्यामुळे ‘येईल पत्र’ म्हणून वाट बघणारे फसतात.

अर्जाला सात महिने मिळतात: पासष्टीचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. यात आपल्या पिढीसाठी एक गंमत आहे. शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून ही तारीख कितीतरी मराठी माणसांच्या पासपोर्टावर आहे, तुझ्याही. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्यांचं मेडिकेअर एक महिना आधी लागू होतं. म्हणजे तुझी मुदत मार्च ते सप्टेंबर नाही, फेब्रुवारी ते ऑगस्ट.

मेडिकेअरचा पार्ट ए इस्पितळात दाखल होण्यासाठी असतो. दहा वर्षं कर भरलेल्या नोकरदाराला त्याचा हप्ता नसतो. पार्ट बी डॉक्टर आणि तपासण्यांसाठी. त्याचा २०२६ चा मूळ हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे, जास्त उत्पन्न असेल तर आणखी. सबळ कारण नसताना उशीर केला, तर दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो. अडीच वर्षं थांबलेल्याला दोन पूर्ण वर्षांचे वीस टक्के, म्हणजे आजच्या दराने महिन्याला सुमारे ४० डॉलर जादा पडतात. आणि हा दंड सहसा जन्मभर चालतो.

सबळ कारण म्हणजे चालू नोकरीतला विमा, स्वतःचा किंवा जोडीदाराचा. कंपनीत वीस किंवा जास्त माणसं असली, की बिल आधी कंपनीचा विमा भरतो आणि पार्ट बी बिनधास्त लांबवता येतो. वीसपेक्षा कमी असतील, तर आधी मेडिकेअरने भरायचं असतं. अशा छोट्या ऑफिसातला माणूस पार्ट बीशिवाय राहिला, तर ऑपरेशनचं मोठं बिल त्याच्याच गळ्यात पडू शकतं.

नोकरी किंवा तिथला विमा, जे आधी संपेल, तिथून आठ महिन्यांत अर्ज करावा लागतो. कोब्रा इथे धरत नाहीत! कोब्राखाली नोकरी सुटल्यावर पदरचे पैसे भरून तोच विमा अठरा महिने चालवता येतो, कार्डही तेच दिसतं. पण आठ महिने निघून गेलेले असतात. मग जानेवारी ते मार्चच्या सर्वसाधारण मुदतीची वाट बघायची आणि दंडही भरायचा.

तुझी कंपनी मोठी आहे, शिवाय भावजय बासष्ट वर्षांची आणि तुझ्याच विम्यावर आहे. मेडिकेअर ज्याचं त्याचं असतं. तुझ्या कार्डावर तिला उपचार मिळणार नाहीत. तेव्हा तू पार्ट बी लांबवावास, हेच बरं. पूरक विमा, म्हणजे मेडिगॅप, तब्येतीची विचारपूस न करता मिळण्याचे सहा महिने पार्ट बी सुरू होताच मोजायला लागतात. नोकरीत असताना ते वाया कशाला घालवायचे?

पार्ट ए फुकट असला तरी तोही आत्ता घेऊ नकोस, कारण तू एचएसएत, म्हणजे उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यात, पैसे टाकतोस. मेडिकेअर लागू झालं की ते बंद करावं लागतं. पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला, की पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो, म्हणून एचएसए अर्जाच्या सहा महिने आधीच थांबवायचं. पेन्शन सुरू केलीस तर पार्ट ए आपोआप गळ्यात येईल, हेही धरून चल.

निवृत्तीनंतर हिवाळा पुण्यात काढायचा बेत आहे ना? पुण्याच्या इस्पितळाचं बिल मेडिकेअर भरत नाही. तरी तेवढ्यासाठी पार्ट बी सोडू नये. परदेशात राहिलो, ही सबब दंडातून सोडवत नाही.

फेब्रुवारी उजाडण्याआधी ऑफिसातल्या बेनिफिट्सवाल्यांकडून दोन गोष्टी लेखी घे: कंपनीत वीस किंवा जास्त माणसं आहेत, आणि औषधांचा विमा मेडिकेअरच्या तोडीचा आहे. नोकरी सोडताना, तिथल्या विम्याचा पुरावा म्हणून, सीएमएस एल-५६४ हा फॉर्म त्यांच्याकडून भरून घ्यायला विसरू नकोस. नोकरी नक्की कधी सोडणार ते ठरलं, की मला फोन कर.

तुझी,
ताई