नवे बिऱ्हाड

काही शहरे राजांनी वसविली, काही देवस्थानांभोवती वाढली. गोंदिया मात्र रेल्वेने मोठे केले. पूर्वी भोवतालच्या जंगलातून डिंक व लाख गोळा करून आणणारे लोक येथे राहत आणि ‘गोंद’ या शब्दावरूनच गावाला हे नाव पडले, असे सांगतात. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी गाडी आरंभी मीटरगेज रुळांवरून धावे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ते रूळ रुंद केले आणि मार्ग पूर्वेकडे वाढविला. पुढे १९०३ साली गोंदियाहून नैनपूरपर्यंत लहान गाडी सुरू झाली व १९०५ साली ती जबलपूरला पोहोचली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट! परंतु या लहान गाडीने सातपुड्याचे लाकूड आणि धान्य गोंदियाच्या फलाटावर आणून ओतले. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानही येथेच येऊ लागले. भातगिरण्या उभ्या राहिल्या, गुजरात-मारवाडकडील व्यापारी आले, आणि बाजारपेठेमागच्या गल्ल्यांतून त्यांची दुमजली घरे उठली.

त्यांपैकी काही घरे अजून उभी आहेत. खाली दुकान अथवा कोठार, वर माडी. रस्त्याच्या बाजूस लाकडी कठड्याचा सज्जा, मागे विहीर व अंगण, आणि माथ्यावर कवेलूंचे उतरते छप्पर. पाहुण्याला असे घर फार मोहक वाटते. त्यात राहणाऱ्याला मात्र त्याच्या प्रत्येक वाशाचा हिशेब ठेवावा लागतो.

अशाच एका घराच्या माडीवर मे महिन्याच्या मध्यास एक कुटुंब राहावयास आले. ते चुलबंद नदीच्या काठच्या, सडक अर्जुनी तालुक्यातील एका खेड्याचे. वडिलांना भातगिरणीत हिशेबनिसाची नोकरी मिळाली होती. थोडीशी शेती होती, ती काकांच्या हाती सोपविली. भांडीकुंडी, दोन खाटा, तांदळाची पोती आणि आजीची लोखंडी पेटी टेम्पोत चढली व कोहमारा, गोरेगाव या वाटेने शहरात आली. आजी आधी यावयास तयारच नव्हती. “रोवणीपर्यंत राहीन, मग मला गावी पोहोचवा,” अशी अट घालूनच ती निघाली.

सातवीत जाणारा मुलगा मात्र घरावर एकदम खूश झाला. जिन्याची प्रत्येक पायरी निराळ्या सुरात करकरे. सज्जात उभे राहिले की पलीकडच्या छपरांवरून उड्या मारीत जाणारी वानरे दिसत, आणि रात्री आगगाड्यांच्या शिट्या अगदी उशाशी वाजल्यासारख्या ऐकू येत. आजीला नेमकी त्या शिट्यांनीच झोप येत नसे. शिवाय माडीला अंगण नाही. सडा घालावयाचा कोठे आणि धान वाळवावयाचे कोठे? ती दिवसभर सज्जात बसून राही आणि समोरच्या भिंतीकडे पाही.

गल्लीत भाषाही अनेक होत्या. मालकीणबाई घरात गुजराती, दुकानात हिंदी आणि कामकरी बायकांशी मराठी बोलत. शेजारी पोवारी बोलणारे कुटुंब होते. आजीची बोली झाडीपट्टीची. त्या बोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणावयाचे आणि ‘डोळ्या’ला ‘डोरा’. विदर्भाच्या पूर्वेकडील चार जिल्ह्यांत हे बोलणे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. दंडार याच बोलीत रंगते. परंतु गल्लीतील पोरे ‘डोरा’ ऐकून हसली. तेव्हा मुलाने आजीला हळूच सांगितले, “आजी, माझ्या मित्रांसमोर तू बोलू नकोस.” आजी काही म्हणाली नाही. त्या संध्याकाळी ती कोणाशीच बोलली नाही.

जून उजाडला आणि छपराचा प्रश्न पुढे आला. कवेलू म्हणजे कुंभाराने घडवून भाजलेली अर्धगोल पन्हळ. छपरावर खालची ओळ उताणी व वरची ओळ पालथी मांडतात. पालथ्या कवेलूंवरून घसरलेले पाणी उताण्या कवेलूंत पडते आणि त्या पन्हळीतून खाली वाहून जाते. वर्षभरात पन्हळींत पाला, धूळ व चिमण्यांची घरटी साचतात. वानरांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, फुटतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी सर्व कवेलू उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा मांडावे लागतात. यालाच कवेलू फेरणे म्हणतात. खेड्यात हे काम अनेकांना येते. शहरात ते करणारा माणूस शोधून सापडत नाही. मालकीणबाईंच्या मुलांचे मत, हे घर पाडून टाकावे. निदान यंदा पत्रे ठोकावेत, असे त्यांनी ठरवीतही आणले होते.

वडील मालकीणबाईंना म्हणाले, “पत्रे टाकू नका, बाई. उन्हाळ्यात खाली भट्टी होईल. साहित्य तुम्ही द्या, कवेलू मी फेरतो.” क्षणभर बाईंचा विश्वास बसला नाही. हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस छपरावर चढणार! तरीही त्यांनी होकार दिला; मुलांना म्हणाल्या, “एक पावसाळा पाहू.”

रविवारी पहाटे वडील वर चढले. कवेलूंवर पाय न देता, वाशांवर आडवी फळी टाकून, तिच्यावर भार ठेवीत ते आढ्यापाशी पोहोचले. उतरवावयाचे ते आढ्याकडून वळचणीकडे, आणि मांडावयाचे ते वळचणीकडून आढ्याकडे. कारण वरच्या कवेलूचे तोंड खालच्यावर चढले नाही, तर पाणी आत शिरणारच. गल्लीतील पोरे गंमत पाहावयास आली होती. हां हां म्हणता त्यांची जिन्यावर रांग लागली आणि कवेलू हातोहात खाली येऊ लागले.

अंगणात त्यांचा ढीग पडला. यांतले चांगले कोणते आणि तडकलेले कोणते? वरवर सगळे सारखेच. तेव्हा आजी खाली उतरली. ढिगाजवळ बसून तिने एक कवेलू डाव्या हातावर तोलला व उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी दिली. कवेलू खणखणला. तिने तो उजवीकडे ठेवला. दुसरा बद्द वाजला. त्याला केसाएवढी तडा होती, ती डोळ्यांना दिसतही नव्हती. तो डावीकडे गेला. पोरे भोवती बसली. जो तो टिचकी मारून “हा कोणता, आजी?” असे विचारू लागला. आजी आपल्या बोलीत सांगत होती. न समजलेला शब्द पोरे पुन्हा विचारीत होती, आणि नातूच तो त्यांना समजावून देत होता. ‘डोरा’ हा शब्दही त्यात आला. या वेळी कोणी हसले नाही. त्यांचे सारे लक्ष आवाजाकडे होते.

काम दोन रविवार चालले. फुटक्या कवेलूंच्या जागी जुन्या पडक्या कोठारावरचे साबूत कवेलू आणले गेले. कमट्या चार ठिकाणी वाळवीने खाल्लेल्या होत्या, त्या बदलल्या. वडिलांच्या तळपायांना फोड आले आणि सोमवारी गिरणीत ते लंगडतच गेले.

मृग कोरडाच गेला. नंतर एका रात्री पाऊस कोसळला. सर्व जण उठून दिवा घेऊन खोलीखोलीतून वर पाहत फिरले. छपराने पाणी झेलले होते. फक्त सज्जाच्या कोपऱ्यात एक थेंब टपकत होता. आजीने त्याखाली पितळी परात सरकविली. सकाळी मालकीणबाई वर आल्या, त्यांनी परात पाहिली, छत पाहिले आणि त्या काही न बोलता खाली गेल्या. पत्र्यांची भाषा त्या वर्षी पुन्हा निघाली नाही. पुढील वर्षी काय होईल, हे मात्र मुलांनाच ठाऊक.

जुलैमध्ये बांधीत पाणी साचले, काकांचा निरोप आला आणि ठरल्याप्रमाणे आजी रोवणीसाठी गावी निघाली. वडील तिला गाडीत बसवून देण्यास स्टेशनावर गेले. चांदा फोर्टकडे जाणारी गाडी तिला सौंदडला उतरवणार होती. तिच्या हातात एक लहानसे गाठोडे होते. लोखंडी पेटी तिने माडीवरच ठेवली होती, आणि तिची किल्ली नातवाजवळ दिली होती.