बांधावरच्या माशीला नाव देताना

पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या मांडवाच्या तारेवर किंवा बांधावरच्या वाळक्या काटकीवर एखादी लांबट, केसाळ माशी दबा धरून बसलेली दिसते. किडा उडाला की ती झेपावते, हवेतच धरते, त्यात सोंड खुपसते आणि खायला काटकीवर परत येते. ही रॉबर फ्लाय, दरोडेखोर माशी. दोन डोळ्यांमधली खोलगट खाच आणि तोंडावरच्या राठ मिशा, एवढ्यावर ओळख पटते. तिची जात नवी वाटली, तर पुढचे काम सावकाश करायचे.

फवारलेल्या बागेपेक्षा पडीक बांध बघा. ऊन तापल्यावर जाळी मागच्या बाजूने टाका. नर आणि मादी दोन्ही हवेत, तेही जितके जास्त मिळतील तितके. जुन्या माशीचे केस झडतात, रंग उतरतो. एकाच माशीवर भिस्त ठेवली तर फसगत होते. तोंडात शिकार असेल तर तीही सोबत जपा. नांदूरमधमेश्वर अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही पकडू नका.

इथिल ॲसिटेटच्या बाटलीत माशी मेली की टाचणी छातीच्या मध्यावर न टोचता जरा उजवीकडे टोचा, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. डीएनएसाठी एक पाय 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी त्याच दिवशी लिहा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. चिठ्ठी हरवली की माशी शास्त्राच्या कामातून गेली.

आता खरे काम. दरोडेखोर माश्यांच्या कुळात दिसण्यावर विसंबता येत नाही. खूण बहुधा नराच्या जननांगात असते. पोटाचे टोक मऊ करून कापा, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कोमट ठेवा, स्नायू विरघळले की पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने, वरून, खालून अशी चित्रे काढा. मग तो भाग इवल्या नळीत घालून त्याच टाचणीला लावा.

सर्वांत जास्त वेळ तुलनेला द्या. पंखांच्या शिरांवरून आधी प्रजाती ठरवा. मग तिच्यातल्या भारतीय जातींची वर्णने एकेक करून ताडून पाहा: गर्ट्रूड रिकार्डो यांचे जुने लेख, जोसेफ आणि परुई यांचा भारतीय प्राणी सर्वेक्षणाने 1998 मध्ये काढलेला ग्रंथ. जगात या कुळाच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत. आपली माशी त्यांतलीच एक निघेल असे धरूनच शोधा, आणि तसे निघाले तर आनंदाने माना. पिंपळगावची ती नोंदही मोलाची आहे.

तरीही वेगळी उरली, तर एक माशी नामधारक नमुना म्हणून निवडून तिला लाल चिठ्ठी लावा. जवळच्या जातींपासून ती नेमकी कशाने वेगळी, हे थोडक्यात लिहा, मग सविस्तर वर्णन. गावावरून नाव द्यायचे तर शेवटी ‘एन्सिस’ जोडतात. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत त्याची आधी नोंदणी हवी. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुने ठरवून दिलेल्या संग्रहालयाकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी ते भारतीय प्राणी सर्वेक्षण; त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. पोस्टाने पाठवू नका, पेटी मांडीवर घेऊन स्वतः जा.