परवान्याचा अर्ज : ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’

नांदगाव पेठच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी अनुभव घेतलेल्या अभियंत्याला उद्या परदेशात परवाना हवा असेल, तर केवळ पदवी पुरत नाही. उदाहरणार्थ, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ७ गटांतील ३४ क्षमता स्वतःच्या कामातून सिद्ध कराव्या लागतात. प्रत्येकीस ० ते ५ गुण असतात. प्रसंग, कृती व फलित अशा क्रमाने लिहावे लागते आणि काम जाणणारे वरिष्ठ त्याची खातरजमा करतात.

येथे आपली सवय आडवी येते. ‘आमच्या विभागाने पंप दुरुस्त केला’ एवढ्याने अर्जदाराचा वाटा कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘पंपाची कंपने वाढली होती. मी मोजमापे घेतली. मोटर व पंपाचे अक्ष जुळत नव्हते, म्हणून मी ते जुळवून घेतले. कंपने मर्यादेत आली.’

‘मी’ लिहिणे हा गर्व नव्हे, तो आपल्या श्रमाचा हिशेब आहे. मात्र दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर मांडू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, मोजमाप, स्वतः घेतलेला निर्णय व वरिष्ठांचे नाव नोंदवा. चार वर्षांनी स्मरण दगा देईल, वही देणार नाही.