भीमाची गदा घरी कशी करावी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या कार्यालयात एकच विचारणा सुरू होते, ‘गदा कुठे मिळेल?’ स्नेहसंमेलन जवळ आलेले असते. कुणी मारुती होणार, कुणी भीम, कुणी घटोत्कच. भाड्याच्या पोशाखाबरोबर येणारी प्लास्टिकची गदा इतकी लहान असते की मागच्या रांगेतून ती वरवंट्यासारखी दिसते. म्हणून मुलांना मोठी गदा हवी असते, आणि मोठी गदा घरीच करावी लागते.

तीन वर्षांपूर्वी रंगीत तालमीत भीम आणि दुर्योधनाचे युद्ध चालू असताना गदेचा गोळा दांड्यातून निसटला आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या दुसरीतल्या मुलीच्या कपाळावर लागला. चार टाके पडले. गदा जड आणि खरी वाटावी म्हणून प्लास्टिकच्या चेंडूत वाळू भरली होती आणि चेंडू नळीला नुसत्या चिकटपट्टीने जोडला होता. करणाऱ्या वडिलांचा हेतू चांगलाच होता. ती गदा रंगमंचावर जाण्याआधी कुणी हातात घेऊन पाहिली नाही, हा दोष आमचा. त्यानंतर रंगमंचावर शस्त्रेच नकोत, अशी सूचना विश्वस्त मंडळात आली. आम्ही म्हटले, महाभारतातून गदा काढली तर भीमाने काय करावे? मंडळाने यंदा एक वर्षाची मुदत दिली आहे. हा लेख त्या मुदतीसाठी आहे.

आधी थोडे गणित. १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोळा साधारण ४ किलो १०० ग्रॅमचा भरतो. व्यास तिप्पट केला, म्हणजे ३० सेंटिमीटर, तर वजन तिप्पट होत नाही. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीसपट होते. तो गोळा १११ किलोचा! हातोडाफेकीतला पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा असतो आणि तो फेकायलाही वर्षानुवर्षांची मेहनत लागते. (दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेतले भीम प्रवीणकुमार हे खरोखरच हातोडा आणि थाळी फेकणारे खेळाडू होते.) खऱ्या लढाईतली तलवारही साधारण एक-दीड किलोचीच असे, कारण ती दिवसभर चालवायची असे. सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनात गेलात तर मुठी नीट पाहा. त्या माणसाच्या हाताच्या मापाच्या आहेत. चित्रातली आणि चित्रपटातली शस्त्रे मात्र डोळ्यांच्या मापाची असतात. आपल्याच शहराजवळ रामोजी फिल्म सिटीत ‘बाहुबली’चे (२०१५ व २०१७) भव्य सेट उभे राहिले. त्या चित्रपटांसाठी कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी शस्त्रे पोलादाऐवजी कार्बन फायबरची करवून घेतली, ती हलकी व्हावीत म्हणून. आपल्याजवळ कार्बन फायबर नाही, रद्दी आहे.

तीस सेंटिमीटरचा फुगा फुगवा. मैद्याची पातळ खळ शिजवून गार करा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंद पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापल्या तर कडा उठून दिसतात. एक थर तेलुगू वर्तमानपत्राचा द्या, दुसरा हिंदीचा, तिसरा पुन्हा तेलुगू. असे केल्याने कुठे थर राहून गेला ते लगेच दिसते. या एका कामापुरता आपल्या शहराच्या बहुभाषिकपणाचा असा उपयोग होतो. दोन थर झाले की एक दिवस सावलीत टांगून वाळवा. उन्हात ठेवू नका, आतली हवा तापून फुगा ताणतो आणि ओला कागद फाटतो. असे आठ थर झाले की फुगा फोडा. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने आमच्या तोंडी ‘लुगदी’ येते, मराठीत त्याला लगदा म्हणतात. तो लगदा शेवटी हाताने थापून वरचा कळस आणि खालचे कडे करा. गोळ्यावर उभ्या सुतळ्या चिकटवल्या की पाकळ्या दिसू लागतात.

आता दांडा. सगळा धोका इथे आहे. सव्वा मीटरची बांबूची काठी घ्या आणि ती गोळ्याच्या खालून घालून वरून पाच-सहा सेंटिमीटर बाहेर काढा. नुसती आत खुपसून डिंकावर विसंबू नका. गोळ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पुठ्ठ्याची जाड चकती घालून काठीला आडवे भोक पाडा आणि त्यात लाकडाची खुंटी बसवा. भोक काठीच्या टोकाशी नको, पेराच्या खाली पाडा, नाहीतर बांबू चिरतो. हे काम मोठ्यांनी करावे. वरची खुंटी कळसात झाकली जाते. अशा गदेचा डिंक पूर्ण सुटला तरी गोळा जागा सोडू शकत नाही.

दहावीच्या मुलांनी हिशेब करून पाहावा. हातापासून एक मीटरवर असलेला दोन किलोचा गोळा सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवला, तर तो सुमारे आठ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. अर्ध्या किलोचा गोळा दोन किलोइतका. त्या दिवशी चिकटपट्टीने काय सोसले असेल ते यावरून कळेल.

रंगाला घाई नको. आधी गडद तपकिरी हात द्या, तो वाळल्यावर सोनेरी. थेट सोनेरी लावला तर वर्तमानपत्राचे मथळे खालून वाचता येतात. कुणी थर्माकोलचा गोळा वापरणार असेल तर फवाऱ्याचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो.

सातवीतल्या एका मुलाला जपानी चित्रमालिकेतली, त्याच्या स्वतःच्या उंचीएवढी तलवार करायची आहे. आम्ही हो म्हटले आहे. जुनी योगाची चटई दोन पदरी चिकटवून मधे बांबूची कामटी, टोक गोल, हाच नियम.

वजन गदेत नसते, ते उचलणाऱ्याच्या गुडघ्यात असते. उचलताना क्षणभर थांबा, श्वास घ्या, ठेवताना वाका. धप्प हा आवाज विंगेतला ढोलकीवाला देईल. घरी आरशासमोर रोज दहा वेळा करा. आजोबा बघत असतील तर अधिक चांगले, ते चुका सांगतील.

संमेलनाच्या आठ दिवस आधी सर्व शस्त्रे शाळेत आणावीत. तराजू शिपाईमामांच्या टेबलावर ठेवलेला असेल. गदा एक किलोच्या आत हवी, धातू आणि काच कुठेही नको. प्रत्येक गदा आम्ही स्वतः मैदानात दहा वेळा गरगर फिरवून पाहू. त्या वेळी मुलांनी व्हरांड्यात उभे राहावे.