माझगावहून घारापुरी, मुलाबाळांसह

माझगावच्या कुटुंबाची घारापुरीच्या सहलीत पहिली फसगत होते ती धक्क्याची. भाऊचा धक्का हाकेच्या अंतरावर, म्हणून डबे-पिशव्या घेऊन मंडळी तिकडेच वळतात. तिथल्या लाँच मोरा आणि रेवसला जातात. घारापुरीसाठी गेटवे ऑफ इंडिया गाठावे लागते. तिथून बेट तासाभरावर आहे. लेणी सोमवारी बंद असतात आणि समुद्र खवळला की फेऱ्याही थांबतात.

लाँचमध्ये बसताच लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळावेत. मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागून घ्यावे. उकडते म्हणून ते मांडीवर ठेवण्याची सवय घातक आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते.

घारापुरीला तंबूत राहण्याचा बेत उपयोगाचा नाही. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. तंबूत राहण्याची हौस असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसमार्गे अलिबाग गाठावे. मात्र तिथल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येते. भरतीची वेळ न विचारता गेलेले लोक आत अडकतात.

बेटावर सुमारे 120 पायऱ्या चढायच्या असतात. ज्यांना दम लागतो त्यांनी डोली करावी, त्यात लाज कसली! माकडांपुढे खाऊ काढू नये. पोराच्या हातातली बाटली ती डोळ्यांदेखत पळवतात आणि झाकण दातांनी उघडतात.

उन्हातून मुख्य लेण्यात शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. तिथे थांबावे. मग दक्षिण भिंतीतून सुमारे सहा मीटर उंचीची तीन मुखे वर येतात: मधले शांत, पाहणाऱ्याच्या डावीकडचे मिशाळ आणि उग्र, उजवीकडचे कोमल, हाती कमळ धरलेले. याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणणे चूक, हा सदाशिव. लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण पुष्कळ कुटुंबे सेल्फी काढून दहा मिनिटांत बाहेर पडतात.

घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीमुळे मिळाले तो कुठे, असे मुले विचारतातच. तो बेटावर नाही. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला आणि 1914 मध्ये तुकडे सांधून पुन्हा उभा केला गेला. माझगावला अगदी लागून, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर तो पाहता येतो. संग्रहालय बुधवारी बंद असते, तो दिवस टाळून जावे.