हात ऐकत नाही तेव्हा

मुलांनो, एक छोटासा प्रयोग करून पाहा. ज्या हाताने तुम्ही नेहमी लिहीत नाही, त्या हातात पेन धरा आणि फळ्यावरच्या पाच ओळी वहीत उतरवून घ्या. अक्षरे वेडीवाकडी येतील. ओळ वर-खाली जाईल. बोटे दुखू लागतील. तुमची तिसरी ओळ संपते न संपते, तोच सर फळा पुसून टाकतील. तेव्हा तुम्ही "मला येत नाही" असे म्हणणार नाही. "मला येते, पण हात ऐकत नाही" असे म्हणाल.

काही मुलांची ही रोजचीच अवस्था असते.

माझ्या सातवीच्या वर्गात असा एक मुलगा होता. तोंडी प्रश्नांची उत्तरे तो सर्वांच्या आधी देई. पण वही उघडली की पाहवत नसे. उर्दू लिहिताना नुक्ते भलत्याच जागी पडत. मराठी लिहिताना शिरोरेषा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. एक भाषा उजवीकडून लिहायची, दुसरी डावीकडून. दोन्हीकडे त्याची सारखीच गत होई. शर्टाची बटणे खाली-वर लागत. कबड्डीत त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नसे.

मी त्याला आळशी समजलो. एकच पान पाच वेळा लिहून आणायला सांगितले. पाचवे पान पहिल्यापेक्षा वाईट आले. खरे म्हणजे तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला मात्र राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. ती म्हणाली, "सर, हा रात्री अकरापर्यंत लिहीत बसला होता. याच्या बुटाची नाडी अजून मीच बांधते. पण हा आळशी नाही." मला काही उत्तर सुचले नाही.

या अडचणीला डॉक्टर 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर' म्हणतात. 'डिस्प्रॅक्सिया' हे तिचे दुसरे प्रचलित नाव. या मुलांची बुद्धी कमी नसते. हातपायही लुळे नसतात. पाण्याचा पेला उचलायचा तर हात किती पुढे न्यायचा, बोटे किती उघडायची, पकड किती घट्ट ठेवायची, हे सारे मेंदू क्षणात ठरवतो. सरावाने ते आपोआप होऊ लागते. या मुलांच्या बाबतीत ते आपोआप व्हायला फार वेळ लागतो. लिहिताना त्यांचे सगळे लक्ष अक्षर काढण्यातच खर्च होते. मग काय लिहायचे ते मागे पडते.

अशी मुले किती असतील? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या ग्रंथात, ५ ते ११ वर्षांच्या दर १०० मुलांत ५ ते ६, असा आकडा दिला आहे. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात तीन! कसोटी कडक लावली की आकडा खाली येतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातील हजारो मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तेथे शंभरात सुमारे दोन मुलांना ही अडचण तीव्र स्वरूपाची होती. दोन धरले, तरी आपल्या साठांच्या वर्गात एक जण उरतोच. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण अधिक आढळते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकांतही ते अधिक असते.

'हॅरी पॉटर'च्या चित्रपटांत काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ तुम्हांला माहीत असेल. आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे, असे २००८ साली त्यानेच सांगितले. बुटाची नाडी बांधणे त्यालाही जड जाते.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचे नाव आले आहे. तपासणी करून योग्य प्रमाणपत्र मिळाले, तर परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. हे पालकांना ठाऊक नसते. आम्हां शिक्षकांपैकी तरी किती जणांना ठाऊक आहे?

त्या मुलाला त्याचे अब्बा मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. तेथील ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी नाडी बांधण्याचे लहान लहान टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याआधी 'आता काय करायचे' हे त्याने स्वतः मोठ्याने बोलायचे, असे ठरले. मी पाच पानांची शिक्षा बंद केली आणि निम्मी उत्तरे तोंडी घेऊ लागलो.

पुढच्या ईदला तो मित्रांबरोबर माझ्या घरी आला. निघताना सर्वांनी बूट घातले. तो उंबऱ्यावर बसून हळू आवाजात पुटपुटत नाडी बांधू लागला. मी मदतीला वाकलो, तेवढ्यात त्याच्या एका मित्राने माझा हात धरला. "थांबा सर," तो म्हणाला, "त्याला येते."