वर्गणी न्यू जर्सीत, पैसा मुंबईत, कळंब कोरडंच

‘पैसे खाल्ले म्हणणारे गावात ढीगभर होते, हिशेब बघायला मात्र एकजण आला नाही,’ कळंब तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचे सचिव असलेले गुरुजी आजही चिडून सांगतात.

२०२१ चा एप्रिल. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी पळापळ चाललेली. गुरुजींच्या न्यू जर्सीतल्या भाच्याने मित्रमंडळींत वर्गणी काढली. गुरुजींच्या संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नाही, म्हणून मुंबईतल्या एका नोंदणीकृत संस्थेने पैसे घ्यायचे आणि कळंबला वळते करायचे ठरले. मुंबईच्या संस्थेने तोंडभरून होकार दिला, पैसेही घेतले.

मग फोनवर एक गोड आवाज म्हणाला, ‘सर, कायद्यात बसत नाही.’ सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पैसे घेताना हे ठाऊक नव्हतं का, या प्रश्नाला उत्तर नाही. काही महिन्यांनी गुळगुळीत कागदावरचा अहवाल तेवढा आला. त्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरशेजारी हसणारे पदाधिकारी होते. जिल्हा भलताच.

किल्लारीच्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याकडे आलेला मदतीचा ओघ पाहिलेल्या गुरुजींना हे अजून पचलेलं नाही.

आता परदेशातून पैसे कसे पाठवू, असं कुणी विचारलं की ते आधी पासपोर्ट विचारतात. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकी नागरिक झालेल्या भाच्याचे ठरतात, ओसीआय कार्ड असलं तरी. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत लागतं. तो खाते क्रमांक लेखी घ्या. पैसा कोणत्या रुग्णालयात, कशावर खर्च होणार, हेही आधीच लिहून घ्या. यंत्र घेणार असाल तर क्षमता डॉक्टरांना विचारा; पाच लिटरचं यंत्र गंभीर रुग्णाला पुरत नाही.

यूपीआयचा पत्ता अक्षर अक्षर ताडून बघा. मार्च २०२० मध्ये ‘पीएम केअर्स’च्या खऱ्या पत्त्यातला एक ‘एस’ गाळून बनावट पत्ता फिरवला गेला होता. पावती जपा. मोठ्या जागतिक निधीला खुशाल द्या, पण त्यातून कळंबला यंत्र येईल असं गावात सांगत सुटू नका.

आणि मुंबईच्या गोड बोलण्यावर? ‘त्यावर मी बोललो तर तुम्हाला छापता यायचं नाही,’ गुरुजी म्हणतात.